फुगा नस फाडतोच

जागतिक हृदय दिनाचा उपदेश ठरलेला असतो. तेल कमी, चालणं जास्त, हे वाचकांना पाठ आहे. ते सोडून देऊ. कॅथलॅबच्या दाराबाहेर नातेवाइकांत कुजबुजलं जाणारं एक वाक्य घेऊ: ‘तार घालताना नस फाटली म्हणे.’

डॉक्टर त्याला डिसेक्शन म्हणतात. धमनीच्या भिंतीचा आतला थर चिरतो, रक्त भिंतीतच शिरतं आणि खरी वाट दाबून टाकतं. हृदयापर्यंत सरकवायची नळी, म्हणजे कॅथेटर, साधारण दोन मिलिमीटर जाड, हृदयधमनी तीन-चार मिलिमीटरची. कॅथेटरचं टोक भिंतीत रुतलं की मॉनिटरवरची दाबाची लाट बसते. नेमका तेव्हाच डाय, म्हणजे क्ष-किरणात धमनी दाखवणारं औषध, जोरात मारला, तर चीर पडू शकते. अनुभवी हात थांबतो, टोक मागे घेतो. फाटलंच, तर डाय वाहून न जाता भिंतीत साचलेला दिसतो. अशा वेळी खऱ्या वाटेत असलेली तार काढायची नसते. तिच्यावरूनच स्टेंट, म्हणजे धातूची बारीक जाळी, नेऊन सुटलेला थर दाबून बसवतात. बारीक चिरा आपोआपही भरतात.

मुळात अँजिओप्लास्टीत ब्लॉक उघडायला फुगवलेला फुगा नस फाडतोच. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये जाग्या माणसाच्या हृदयधमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला, तेव्हापासून हे असंच आहे. ब्लॉक नुसता दबत नाही, तडकतो. चीर बेताची राहिली तर उपचार, पसरली तर गुंतागुंत. सुरुवातीच्या काळात शंभरातल्या पाच-सहा जणांना तातडीने बायपासला न्यावं लागे. १९८६ मध्ये माणसाच्या हृदयधमनीत स्टेंट आला आणि ही धावपळ पुष्कळ थांबली. कॅथेटरच्या टोकाने मुख्य डावी धमनी फाटण्याचं प्रमाण तर हजारात एकाहूनही कमी आहे. म्हणून प्रत्येक वेळी ‘हलगर्जी’ म्हणायला मी तयार नाही.

संमतिपत्रावर मात्र राग आहे. स्ट्रेचर ढकललं जात असताना पुढे केलेल्या कागदावर सही घेणं ही कसली संमती?

वऱ्हाडात खरा प्रश्न पुढचा आहे. स्टेंटनेही भागलं नाही, तर बायपास कुठे? नागपूर अमरावतीहून दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. अमरावती-अकोला महामार्गाच्या एका मार्गिकेचं ७५ किलोमीटर डांबरीकरण २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत उरकून आपण गिनेस विक्रम केला. पण मुख्य डावी धमनी बंद पडली तर हातात मिनिटंच असतात. तेव्हा ठरवून करायची अँजिओप्लास्टी असेल, तर हृदयशल्यचिकित्सक याच इमारतीत आहेत का, नसल्यास कुठे नेणार आणि कसं, हे आदल्या दिवशी विचारा. डॉक्टर चिडले तरी विचारा. ऐन झटक्यात मात्र ही चौकशी करत बसू नका. जवळची चालू कॅथलॅब गाठा.