रॅकेट आपटली, पुढे काय?

मी मुकुंदवाडीत राहतो आणि महाविद्यालयीन टेनिस सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो. 'उभा' हाच शब्द बरोबर, कारण पंचाची उंच खुर्ची आपल्याकडे प्रत्येक कोर्टाशेजारी असतेच असे नाही. बरेचदा एकच पंच दोन-तीन कोर्टांवर फिरत असतो. पाठीमागे 'खाट्' आवाज येतो. वळून पाहावे तर रॅकेट जमिनीवर आणि खेळाडू आकाशाकडे पाहतोय! नुसत्या आवाजावरून मी शिक्षा देत नाही. पण मग त्या कोर्टाजवळून हलतही नाही.

लोक विचारतात, रॅकेट त्याची, मोडली तर तुमचे काय गेले? नियम रॅकेटची किंमत पाहत नाही. रागाने रॅकेट आपटणे, जाळीवर मारणे, बेफिकिरीने चेंडू भिरकावणे यात कुणाला तरी इजा होऊ शकते. २०२०च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत जोकोविचने चिडून मागे मारलेला चेंडू रेषेवरच्या महिला पंचाच्या गळ्याला लागला. हेतू तसा नव्हता, तरी अव्वल मानांकित खेळाडू स्पर्धेबाहेर गेला.

एरवी शिक्षेला पायऱ्या आहेत. आंतरराष्ट्रीय नियमांत आधी ताकीद, मग एक गुण, मग एक गेम. त्यापुढे खेळाडूला बाद करायचे का, हे मुख्य पंच ठरवतो. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन टेनिसमध्ये तर ताकीदच नाही, पहिल्याच वेळी गुण जातो. दुहेरीत रॅकेट एकाने आपटली तरी शिक्षा जोडीला. तो जोडीदार बिचारा गप्प उभा असतो.

पायऱ्या ठाऊक नसल्या की काय होते, हे १९९०च्या ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत दिसले. चारच्या तीन पायऱ्या झाल्या होत्या. मॅकेन्रोच्या ते लक्षात नव्हते. रॅकेट फोडल्याबद्दल गुण गेला, नंतरच्या शिवीगाळीने सामनाच गेला. म्हणून मी नाणेफेकीच्या वेळीच दोघांना पायऱ्या सांगतो.

खरी अडचण पहिल्या ताकिदीची. कोर्टाबाहेरून आवाज येतो, "सर, पोरगा लहान आहे, जाऊ द्या." सोडून द्यावेसे वाटतेही. पण जाळीपलीकडचा पोरगाही तेवढाच लहान असतो, आणि त्याने आपला राग गिळलेला असतो. मी ताकीद त्यालाही ऐकू जाईल अशी मोठ्याने देतो, वहीत लिहितो आणि पुढची सर्व्हिस करायला सांगतो.