गोठ्यात वाढलेली लेकरं

जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत, भोकरदनपासून मंठ्यापर्यंत, घराची ऐपत दावणीवरून कळायची. सोयरिकीला आलेला पाहुणा ओसरीवर टेकायच्या आधी गोठ्याकडे नजर टाकून घ्यायचा. बैल किती, म्हैस दुभती की भाकड, कडब्याची गंजी उन्हाळा काढील का, एवढं पाहिलं की त्याला घर समजायचं. त्याच गोठ्यात घरची लेकरं वाढली. शाळेत नाव घालायच्या आधीच त्यांना काम लागलेलं असायचं, आणि ते लुटुपुटूचं नसायचं. लेकराने कुचराई केली तर जनावर उपाशी राहायचं.

पहिलं काम वासरू धरायचं. धार काढण्याआधी वासरू सोडतात, ते सडाला ढुशा देतं, गाय पान्हा सोडते, आणि नेमक्या त्याच वेळी त्याला ओढून गाईच्या तोंडापुढे बांधावं लागतं. सहा-सात वर्षांच्या लेकराच्या अंगात वासराएवढंही बळ नसतं. दावं हाताला रुततं, वासरू फरफटत नेतं, आई चरवी गुडघ्यांत धरून ओरडत असते. किती पिऊ द्यायचं हा रोजचाच प्रश्न. जास्त प्यालं तर घरात चहाला दूध नाही, कमी प्यालं तर वासरू खंगतं. बऱ्याच घरांत एक सड वासरासाठी राखलेला असे. घाईच्या दिवशी मोठ्यांनी तोही पिळायला घेतला की वासरू धरणारं लेकरूच आडवं यायचं. दुसऱ्याच्या वाट्यासाठी भांडायला ते तिथे शिकायचं.

मग गाय वितानाची रात्र. गाय साधारण २८० ते २८५ दिवस गाभण राहते, म्हैस ३१० दिवसांच्या आसपास. दिवस भरत आले की घरातलं कुणीतरी गोठ्यात निजायचं. कास ताठरली, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खळगे पडले की आजी सांगायची, आज नाही तर उद्या. लेकरांना तिथून कुणी हाकलत नसे. कंदील धरायला हात लागायचेच. वासराचे पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेलं नाक दिसलं की सगळ्यांचा जीव खाली यायचा. पहिल्या तासा-दोन तासांत वासराला चीक पाजायचा, कारण रोगाशी झुंजायची ताकद त्याला चिकातूनच मिळते. वार पडेपर्यंत जागायचं. खरवस दुसऱ्या दिवशी गल्लीभर वाटायचा. ही सगळी विद्या आजीकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे गेली. गाय आटत का चालली, म्हशीची कास दगडावाणी का झाली, तिने वैरण का सोडली, ती रवंथ का करत नाही, याची उत्तरं अजूनही घरातल्या बाईलाच आधी सुचतात.

पोराची विद्या वेगळी. गोऱ्हा दोन दाती झाला, म्हणजे अडीच वर्षांच्या घरात आला, की त्याला वेसण घालायची, खच्ची करायचं आणि जुवाखाली आणायचं. एका अंगाला मुरलेला बैल, दुसऱ्या अंगाला हा दांडगा गोऱ्हा. आधी नुसतं जू, मग ओढायला ओंडका, मग वखर. बहुतेक घरांत गोऱ्हा आणि घरचं पोरगं एकाच हंगामात शिकायला लागत. पोरगं आधी जोडीच्या पुढे चालायचं, मग कासरा हातात यायचा, मग कोळपं. तिफण सगळ्यात शेवटी, कारण पेरणीची ओळ वाकडी गेली की ती पीक निघेपर्यंत साऱ्या शिवाराला दिसते. बाप मागून सांगायचा, "कासरा हिसकू नको, नुसता हालव. तोंडानं सांग, त्याला कळतं." चाबूक कमी आणि आवाज जास्त वापरणारा गडी गावात नावाजलेला असायचा. रागावलेल्या हातात जनावर चालत नाही, हे पंधरा वर्षांच्या पोराला जन्माचं पुरतं.

आणि पोरगी? ती त्याच तिफणीच्या मागे मोघ्यातून तुरीचं बी सोडत चालायची. चाल सारखी, मूठ सारखी, डोळा सारखा. कासरा मात्र तिच्या हातात सहसा गेला नाही. बैलबाजारालाही ती गेली नाही. तिथे उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरायचा, दात पाहून वय आणि चाल पाहून खोड ओळखली जायची. लातूरकडची ठिपक्यांची देवणी, नांदेडकडची तांबडी लाल कंधारी, कोणती जोडी काळ्या रानात टिकते आणि कोणती नुसती देखणी आहे, हे सगळं पोरगं बापाच्या मागे उभं राहून शिकलं. पोरीला जनावराचं अंग कळलं, किंमत कळू दिली नाही. गोठ्याने जे शिकवलं त्यातला हा भेद मला सगळ्यात खुपतो.

भेद आणखी एक होता. मोठ्या घराचा गोठा घरच्याच लेकरांवर चालत नसे. गुढीपाडव्याला सालगडी ठरायचा आणि त्याची पोरं राखोळीला यायची. घरचा मुलगा शाळेत, आणि त्याच वयाचं सालगड्याचं पोरगं त्याच गाई घेऊन गायरानात. २०१६ मध्ये बालकामगार कायदा सुधारला तेव्हा चौदा वर्षांखालच्या लेकराला शाळेची वेळ सोडून आणि सुट्टीत स्वतःच्या घरच्या कामाला हात लावायची मोकळीक राहिली. दुसऱ्याची गुरं राखायला लावायची नाही. रेघ योग्य जागी ओढली गेली. गायरानातल्या पिढ्या निघून गेल्यावर ओढली गेली, एवढंच.

गायरानातलं राखणं नंतर कमीच होत गेलं. जालना तालुक्यातलं कडवंची हे त्याचं चांगलं उदाहरण. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आणि विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने १९९६ पासून तिथे इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचं काम झालं. या कार्यक्रमात कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदीही असायची. माती थांबली, पाणी मुरलं, गाव द्राक्षांसाठी नावारूपाला आलं. रान मोकळं चरायला बंद झालं की जनावर दावणीला येतं, आणि मग वैरण कापून आणणं, कुट्टी करणं, पाणी दाखवणं हे काम गोठ्यात येतं. गुराख्याचं काम कमी होतं, बाईचं वाढतं.

पोळ्याला मात्र सगळं घर एका ओळीत यायचं. आदल्या संध्याकाळी खांदेमळण: जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची आणि बैलाच्या कानात उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. पोरं शिंगं साळायची, हिंगूळ लावायची, पोरी झुली आणि गोंडे काढून ठेवायच्या. औक्षण घरच्या बाईचं, पुरणपोळीचा पहिला घास बैलाचा. २०२२ च्या पोळ्यानंतर थोड्याच दिवसांत लम्पीमुळे राज्यातले गुरांचे बाजार बंद झाले. अंगावर गाठी उठलेली जनावरं वेगळी बांधावी लागली, गोठ्यागोठ्यांत शेळीच्या देवीची लस टोचली गेली. मेलेल्या जनावरासाठी सरकारने मदत जाहीर केली: गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. दुभतं जनावर ओढकामाच्या जनावरापेक्षा वरचढ झालं आहे, हे त्या आकड्यांत सरळ दिसत होतं.

बैल का गेला? ट्रॅक्टर आला हे खरं, पण जालन्यात ज्वारी आधी गेली. कापूस, सोयाबीन आणि मका यांनी रान घेतलं. ज्वारी गेली की कडबा गेला, आणि सोयाबीनच्या भुसकटावर बैल वर्ष काढत नाही. त्यात १९७२ चा दुष्काळ आजोबांनी पाहिलेला आणि २०१२-१३ चा नातवंडांनी. त्या साली मोसंबीच्या बागा वाळल्या, पाण्याचे टँकर धावले, आणि दावणीची जनावरं मिळेल त्या भावाने गेली. विकायला नेताना लहान लेकरांना मामाकडे धाडून देणारी घरं होती. देशभराचा हिशेबही असाच आहे: २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या मधल्या काळात गोवंशातले नर सुमारे ३० टक्क्यांनी घटले आणि माद्या १८ टक्क्यांनी वाढून साडेचौदा कोटींवर गेल्या.

म्हणजे पोराची विद्या ज्याच्यावर उभी होती तो बैल दावणीवरून उठला, आणि पोरीची विद्या ज्याच्यावर उभी होती ती गाय-म्हैस राहिली. आज गोठा घराला पैसे देतो ते धारेतून, विण्यातून, कालवड नीट वाढवण्यातून. हे सगळं ज्या हातांना येतं त्यांच्या नावावर गोठा मात्र नाही. डेअरीचं खातं बापाचं, सातबारा बापाचा, पुढे भावाचा.

कायदा यात कमी पडलेला नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला, केंद्राने तो २००५ मध्ये देशभर केला, आणि बाप २००५ ला हयात नसला तरी हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. त्याही आधी, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं १९८६ मध्ये चांदवडला अधिवेशन झालं, आणि पुढे शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांनी आपणहून बायकांच्या नावावर जमिनी केल्या. तरीही २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदारांत बायका १४ टक्केच होत्या. माहेरी आलेली लेक हक्कसोडपत्रावर सही करते आणि साडीचोळी घेऊन परतते. जी वासरू धरता धरता दुसऱ्याच्या वाट्यासाठी भांडायला शिकली, तिने स्वतःचा वाटा मागितला की माहेर तुटतं.

पूर्वी लेकीला गाय आंदण द्यायची रीत होती. ती गाय सासरी जायची आणि सासरची व्हायची. अमेरिकेत १९०२ मध्ये ओहायो राज्यातल्या एका मंडळापासून ज्या चळवळीची सुरुवात मानतात, त्या फोर-एच मंडळांत पशुपालकांची मुलंमुली आपापलं वासरू वाढवतात, खर्चाची वही ठेवतात, ते जत्रेत उभं करून विकतात, आणि पैसे त्यांचे असतात. आपल्याकडे मंडळ नसलं तरी घरात हे आजही करता येईल, आणि लग्नाची वाट न पाहता करावं. सातवीतल्या पोरीला एक कालवड स्वतःची म्हणून द्यावी. टोचून घ्यायची तारीख, पेंडीचा खर्च, माजाची नोंद तिने ठेवावी, आणि विकायची वेळ आली तर भाव करायला तिनेच उभं राहावं. नीट सांभाळली तर पोरगी दहावीला जाईपर्यंत कालवड वेताला येते. दुधाचं बिल कुठे जमा करायचं हा प्रश्नही अडत नाही. दहा वर्षांवरच्या मुलामुलींना आपलं बचत खातं आपण चालवायची मुभा बँकांना देता येते, असं रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच सांगून ठेवलं आहे.