कांचतंतूंच्या मोटारीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें एखादें पडकें देवालय, बुजलेली बारव किंवा कसर लागलेली पोथी उभी राहते. जुन्या मोटारीला हा शब्द लावणें पुष्कळांस थट्टेचें वाटेल. तथापि गेल्या कित्येक वर्षांत इंग्लंड-अमेरिकेंत हा छंद व्रतासारखा आचरला जात आहे. दिवसभर कचेरींत मान खालीं घालून काम करणारा गृहस्थ सुटीच्या दिवशीं घरालगतच्या गॅरेजांत शिरतो, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वींची एक लहानशी मोटार खिळा न् खिळा सुटी करून पुनः उभी करितो. आपल्या कुटुंबांतील अनेक मुलें आतां त्या देशांत राहतात, आणि त्यांच्या पत्रांतून हा विषय आपल्याही घरांत डोकावूं लागला आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें इंग्लंडांत असें काम हातीं घेतलें. त्याच्याशीं झालेल्या पत्रव्यवहारावरून ही माहिती वाचकांपुढें मांडावी असें वाटलें. हा नुसता पैशाचा चाळा आहे, कीं यांत शहाण्या माणसानें शिकण्याजोगें कांहीं आहे, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

ज्या मोटारींविषयीं येथें लिहावयाचें आहे त्यांस तिकडे 'किट-कार' म्हणतात. कारखानदार अशी मोटार पुरी बांधून देत नसे. बॉडी, इंजिन, चाकें वगैरे भाग तो गिऱ्हाइकाच्या घरीं पोंचवी, आणि गिऱ्हाइकानें ते स्वतः जोडून घ्यावयाचे. ही चाल जितकी हौसेनें पडली तितकीच करामुळें पडली. इंग्लंडांत १९४० सालीं 'पर्चेस टॅक्स' नांवाचा विक्रीचा कर सुरू झाला. तो तयार मोटारीवर बसे. परंतु घरीं जोडण्यासाठीं घेतलेल्या सुट्या भागांवर बसत नसे. त्यामुळें ज्याच्या अंगीं मेहनतीची संवय व थोडें यंत्रज्ञान होतें, त्याला चपळ व देखणी मोटार बऱ्याच कमी किंमतींत मिळूं लागली. सुट्या भागांबरोबर ते जोडण्याच्या सूचना देण्यास बंदी होती. तेव्हां एका कारखानदारानें मोटार सुटी करण्याच्या सूचना छापून दिल्या, व गिऱ्हाइकानें त्या शेवटाकडून आरंभाकडे वाचाव्या, अशी एक आख्यायिका सांगतात. कायद्याचा शब्द पाळून अर्थ वळविणारे पंडित केवळ आपल्याकडेच होतात असें नाहीं! १ एप्रिल १९७३ रोजीं हा कर जाऊन त्याच्या जागीं मूल्यवर्धित कर आला, सवलत संपली, आणि त्या उद्योगाचा पहिला बहर ओसरला.

या मोटारींतील एक नामांकित घराणें म्हणजे 'लोटस', अर्थात् कमल. त्याचा मूळ पुरुष कॉलिन चॅपमन (१९२८–१९८२). यानें आपली पहिली गाडी १९४८ सालीं एका जुन्या ऑस्टिन सेव्हन मोटारीवरून बांधली, आणि ती देखील भावी सासुरवाडीच्या घरामागील गॅरेजांत. १९५२ सालीं लंडनच्या हॉर्न्झी भागांत, वडिलांच्या मद्यगृहामागील जुन्या तबेल्यांत, त्याचा धंदा रीतसर सुरू झाला. तेथून तो १९५९ त चेशंट येथें व १९६६ त नॉरफोक परगण्यांतील हेथेल येथें गेला. १९६२ सालीं त्यानें 'एलान' नांवाची दोन माणसांची उघडी मोटार बाजारांत आणिली. माझ्या विद्यार्थ्याची मोटार हीच. तिच्या मधोमध पाठीच्या कण्यासारखा पोलादी पत्र्याचा एक पोकळ सांगाडा असतो. तो पुढें व मागें दुभंगलेला असून त्या फांट्यांना चाकें, इंजिन वगैरे अवजड भाग लटकविलेले असतात. इंजिनाचा ठोकळा फोर्ड कंपनीचा. त्याचें दोन कॅमशाफ्टांचें डोकें हॅरी मंडी याच्या आंखणीचें. सर्व मिळून वजन सातशें किलोंच्या आंत. या सांगाड्यावर जी बॉडी चढविलेली असते ती लोखंडाची नव्हे. ती फायबर-ग्लासची, म्हणजे कांचतंतूंची असते.

हा पदार्थ काय आहे तें समजल्यावांचून पुढील कथा समजावयाची नाहीं. वितळलेल्या कांचेचे केसाहून बारीक तंतू ओढून त्यांची चटई करितात, आणि ती पॉलिएस्टर नांवाच्या पातळ कृत्रिम राळेंत भिजवितात. राळेंत एक तीव्र रसायन किंचित् प्रमाणांत मिसळलें कीं ती आपोआप तापते व दगडासारखी घट्ट होते. कुडाच्या भिंतींत कामट्यांनीं जें करावें व मातीनें जें करावें, तेंच येथें अनुक्रमें तंतू व राळ करितात: एक ताण सोसतो, दुसरा आकार धरतो. मूर्तिकार साच्यांतून गणपती काढतो त्याप्रमाणेंच ही बॉडी साच्यांतून निघते. साच्याला आंतून मेण लावावयाचें, त्यावर 'जेलकोट' नांवाचा गुळगुळीत राळेचा थर द्यावयाचा, मग राळेंत भिजलेल्या चटईचे थर एकावर एक दाबावयाचे, आणि सर्व घट्ट झाल्यावर साचा अलग करावयाचा. पोलादी पत्रा दाबून बॉडी करण्यास अवाढव्य यंत्रें व महागडे ठसे लागतात. येथें एक साचा, कांहीं कुंचले व कष्टाळू हात पुरे होतात. गरीब कारखानदारांनीं ही कृति कां उचलली हें यावरून ध्यानांत येईल.

कांचतंतूंना गंज चढत नाहीं. त्यामुळें साठ वर्षांची एलान दुरून पाहिली तर कालपरवां घेतल्यासारखी दिसते, आणि नेमका येथेंच धोका आहे. वरची बॉडी अक्षय. पण तिच्या पोटांतील पोलादी सांगाडा मात्र ओल धरून गंजत असतो. जें दिसतें तें कुजत नाहीं, आणि जें कुजतें तें दिसत नाहीं. याचें एक गमतीदार उदाहरण सांगतों. एलानचे पुढचे दिवे बॉनेटांत मिटलेले असतात, आणि इंजिनाच्या ओढीनें उत्पन्न होणाऱ्या निर्वातानें ते वर उचलले जातात. हा निर्वात सांगाड्याच्या पुढच्या आडव्या पोकळ तुळईंत सांठविलेला असतो. तुळईला गंजून छिद्र पडलें, कीं जुन्या बनावटीच्या गाडींत चालतां चालतां दिव्यांच्या पापण्या मिटूं लागतात. कमल रात्रीं मिटतें हा आपल्या कवींचा संकेत येथें फारच शब्दशः खरा ठरतो! परंतु त्याच तुळईच्या टोकांशीं पुढच्या चाकांचे दांडे जोडलेले आहेत, हें लक्षांत आलें म्हणजे हसूं मावळतें.

म्हणून पहिलें काम परीक्षेचें. गाडीखालीं निजून सांगाडा हातोडीनें ठोकून व टोंच्यानें टोंचून पाहावयाचा. प्रत्येक भागाचें चित्र घ्यावयाचें. काढलेल्या प्रत्येक बोल्टाला चिठ्ठी बांधावयाची. मग बॉडी उचलावयाची. तीं हलकी असल्यानें चार माणसें पालखीसारखी उचलूं शकतात. माझ्या विद्यार्थ्याच्या शेजाऱ्यांनीं हें काम केलें व नंतर चहा घेतला. परंतु बोल्ट निघणें सोपें नसतें. कांचतंतूंत आटे धरत नाहींत, म्हणून बॉडी करितांनाच तींत जागोजागीं धातूच्या लहान गिरक्या पुरलेल्या असतात. बोल्ट गंजून त्यांत अडकला, आणि बळजबरी केली, तर सबंध गिरकीच राळेंत फिरूं लागते. खालून काढलेली बॉडी लांकडी घोड्यांवर सर्व बाजूंनीं सारखा आधार देऊन ठेवावी लागते, नाहीं तर ती आपल्याच भारानें वांकते. सांगाडा फार गेला असेल तर जस्ताचा मुलामा दिलेला नवा सांगाडा घेणें हाच शहाणपणा होय.

बॉडीच्या दुरुस्तींत उतावळ्या माणसाची खरी कसोटी लागते. जुना रंग काढण्याचें साधें रसायन येथें चालत नाहीं. तें रंगाबरोबर राळही खातें. रंग पात्यानें व पॉलिश-पेपरानें धीरें धीरें खरवडावा लागतो. खालीं कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसूं लागतात. अशी भेग म्हणजे लक्षण आहे, रोग नव्हे. पूर्वीं कधीं तेथें धक्का बसलेला असतो, किंवा आंतील गिरकी ओढली जात असते. नुसती लांबी भरून वर रंग दिला तर महिना-दोन महिन्यांत भेग पुनः हजर! भेग दोन्ही अंगांनीं उतार देऊन मुळापर्यंत घांसावी, आंतल्या बाजूनें चटईचे क्रमानें मोठे होत जाणारे तुकडे राळेनें बसवावे, आणि मग बाहेरून भरून घ्यावें. चटईच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट राळ पुरते. अधिक घातल्यानें बळकटी वाढत नाहीं, उलट ठिसूळपणा येतो. किलोभर राळेस घट्ट करणारें रसायन दहा ते वीस ग्रॅम. हवा ओली किंवा फार थंड असली तर राळ नीट जमत नाहीं. म्हणून इंग्लंडांतील हे गृहस्थ राळेचीं कामें उन्हाळ्यासाठीं राखून ठेवितात व थंडींत इंजिन घेऊन बसतात.

येथें एक गोष्ट विशेष बजावून सांगितली पाहिजे. राळेच्या वाफा व कांचेची धूळ दोन्ही अपायकारक आहेत. दारें-खिडक्या उघड्या ठेवून, तोंडावर योग्य प्रकारचा मुखवटा, हातांत मोजे व डोळ्यांवर चष्मा घालूनच हें काम करावें. घट्ट करणारें रसायन डोळ्यांत उडालें तर दृष्टि जाण्याचा संभव असतो. राळेस वेग देणारें कोबाल्टचें द्रव्य व हें रसायन एकमेकांत सरळ मिसळल्यास स्फोट होतो. लहान मुलें असलेल्या घरांत या बाटल्या कुलपांत असाव्या.

पुढें विजेच्या तारांचें काम. लोखंडी मोटारींत बॉडीच विजेची परतीची वाट असते. कांचतंतूंतून वीज जात नाहीं, म्हणून प्रत्येक दिव्यास परतीची निराळी तार लागते. अशा गाडींत दिवा मंद झाला तर बहुधा दोष त्या परतीच्या तारेंत सांपडतो. इंजिनाचा पाण्याचा पंपही इतका आंत दडविला आहे कीं, हाताएवढा भाग बदलण्यासाठीं इंजिनाचा पुढील भाग उलगडावा लागतो. जातां जातां आणखी एक माहिती. एलानच्या रचनेचा प्रमुख रॉन हिकमन हा एकदां घरीं लांकूड कापीत असतां आधाराला घेतलेली महागाची खुर्चीच कापून बसला. त्या अनुभवांतून त्यानें घडी होणारें व लांकूड पकडून धरणारें एक कामाचें बांक शोधून काढलें. पुढें ब्लॅक अँड डेकर कंपनीनें तें 'वर्कमेट' नांवानें विकलें, आणि आज तें असंख्य घरांत आहे. त्याची मोटार दुरुस्त करणारे लोकही बहुधा त्याच्याच बांकावर काम करितात.

आतां विचाराच्या एका मुद्द्याकडे वळूं. या गाड्या पहिल्या मालकांनीं आपापल्या घरीं जोडलेल्या असल्यामुळें एकीसारखी दुसरी नसते. कोणी एखादें भोंक चुकीच्या जागीं पाडलेलें, कोणी तार निराळ्या वाटेनें नेलेली, मागाहून आलेल्या मालकानें आपल्या अकलेनें कांहीं बदललेलें. विद्यार्थ्यानें मला विचारलें, "गुरुजी, यांतलें मूळचें कोणतें मानूं? आणि सांगाडा बदलल्यावर गाडी तीच राहिली असें म्हणूं काय?" दुसरा प्रश्न फार जुना आहे. 'मिलिंदप्रश्न' या पालिग्रंथांत नागसेन भिक्षु राजाला विचारतो, कीं आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय. आणि रथ हें केवळ व्यवहाराचें नांव आहे असें ठरवितो. आमचे नैयायिक म्हणतील, अवयव बदलला तेव्हां जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न झाला. वेदान्ती मात्र पूर्वीं पाहिलेल्या व आज भेटलेल्या देवदत्ताचें उदाहरण देऊन, बदललेले धर्म सोडून तोच पुरुष ओळखावयास सांगतील.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर मला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत सांपडलें. तेथील पंडितांनीं शेंकडों पोथ्या ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. तें काम १९६६ सालीं पुरें झालें. पाठभेद पुसून टाकावयाचे नाहींत, ते तळटीपेंत द्यावयाचे. आणि जेथें पाठ निःसंशय नाहीं तेथें त्याखालीं नागमोडी रेघ ओढावयाची, हा त्यांचा नियम. मीं विद्यार्थ्यास लिहिलें, कीं तूंही एक वही कर. काय मूळचें होतें, काय पूर्वींच्या हातांनीं केलें, काय तूं बदललेंस, आणि काय केवळ अंदाजानें केलेंस, हें तींत प्रामाणिकपणें लिही. गाडी विकलीस तर वहीही दे.

हा केवळ पांडित्याचा आग्रह नव्हे. इंग्लंडांत मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या व मूलभूत फेरफार न केलेल्या मोटारींस वार्षिक तपासणी सक्तीची नाहीं. गाडी रस्त्यावर सुरक्षित असण्याची जबाबदारी मालकावर आहेच. पण ती उघडून पाहणारा परका मनुष्य नाहीं. वरून आरशासारखी चकाकणारी आणि आंतून पोखरलेली गाडी कोणासही विकतां येईल, व घेणाऱ्यास तें वळणावर चाक निखळल्यावर कळेल. जेथें परीक्षक नाहीं तेथें कारागिराची सचोटी हीच परीक्षा, आणि वही हाच साक्षीदार.

आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या लेखणीला मान व पान्याला उपेक्षा मिळत आली. ज्या कामांत प्रमाण मोजावें लागतें, रोगाचें मूळ शोधावें लागतें, ऋतूची वाट पाहावी लागते, आणि न दिसणाऱ्या भागाविषयीं खरें बोलावें लागतें, त्या कामास विद्येचें नांव देण्यास मला तरी संकोच वाटत नाहीं. परदेशींच्या मुलानें अशी गाडी घेतल्याचें लिहिलें, तर "पैसे किती गेले?" हा प्रश्न वडील मंडळींनीं जरा मागें ठेवावा. आधीं विचारावें, कीं बाबा रे, सांगाडा पाहिलास ना? ब्रेक नवे केलेस ना? तोंडाला मुखवटा बांधतोस ना? आणि वही लिहितोस ना? या चारांचें उत्तर होकारार्थी आलें, तर मुलाचा काळ व्यर्थ जात नाहीं असें खुशाल समजावें.