हातचा येईपर्यंत

हमरापूरहून दिवा–रोहा मार्गाची गाडी धरावी, दिव्याला उतरून कल्याणकडची लोकल घ्यावी, की कोपरनंतर डोंबिवली. ब्रिटिशांच्या काळात या स्थानकाला डेम्लो म्हणत, असं सांगतात. गणितज्ञ द. रा. कापरेकरांना एक संख्याकुल इथेच सुचलं आणि त्यांनी त्याला स्थानकाचंच नाव दिलं : डेम्लो संख्या. डहाणूला १९०५ साली जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. संशोधन चालायचं ते वही-पेन्सिलीवर.

या कुळातली एक देखणी संख्या पाहा. नऊ एकांचा वर्ग करा, म्हणजे १११११११११ ला त्याच संख्येने गुणा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, उलटसुलट कसेही वाचा, तेच!

असं का होतं, हे १११ × १११ मांडलं की दिसतं. १११, १११० आणि १११०० एकाखाली एक लिहा. एककाच्या रकान्यात एक १, दशकाच्या रकान्यात दोन, शतकाच्या रकान्यात तीन, मग पुन्हा दोन, पुन्हा एक. बेरीज १२३२१. नऊ एक घेतले तर मधल्या रकान्यात नऊ जमतात. हातचा कुठेच येत नाही, म्हणून चढण आणि उतरण दोन्ही शाबूत राहतात.

याच कारणाने अंकांची बेरीजही नेमकी ९ × ९, म्हणजे ८१ येते. आणि ८१ ने या संख्येला पूर्ण भाग जातो! अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच ‘हर्षद’ म्हटलं. अवयव पाडले तर ८१ × ३७ × ३७ × ३३३६६७ × ३३३६६७. यातल्या ३७ आणि ३३३६६७ या मूळ संख्या. त्यांचा गुणाकार १२३४५६७९. बारकाईने पाहा, आठ गायब आहे.

तो जातो कुठे? आता दहा एकांचा वर्ग करा. मधल्या रकान्यात दहा जमतात, हातचा एक. डावीकडच्या नवाचे दहा होतात, पुन्हा हातचा एक. त्याच्या डावीकडच्या आठाचे नऊ होतात आणि हातचा तिथे संपतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ हातच्याने गिळला. १ ला ८१ ने भागल्यावर येणाऱ्या ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… मधूनही आठ असाच नाहीसा होतो.

आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून बळी आठाचा. आठाच्या पटीत मोजणाऱ्यांच्या चढणीतून सहा गळेल, बाराच्या पटीत मोजणाऱ्यांच्या चढणीतून दहाचा अंक. मोजणीचा पाया कोणताही असो, त्याच्यापेक्षा दोनने लहान असलेला अंकच जातो. चौथीतलं मूल ज्या हातच्याने बेरीज करतं, त्याच्यात एवढा काटेकोर नियम दडलेला आहे, आणि तो पडताळायला आजही कागद आणि पेन्सिल पुरते.