वंशावळीतील रिकाम्या जागा
घराण्याची वंशावळ उलगडली, की बहुधा एकच गोष्ट जाणवते. पुरुषांची नावे पिढ्यान्‌पिढ्या सलग असतात. स्त्रियांच्या जागा मात्र रिकाम्या. पूर्वी अनेक घरांत विवाहानंतर आडनावाबरोबर वधूचे नावही बदलले जाई. त्यामुळे माहेरच्या व सासरच्या नोंदी एकाच स्त्रीच्या आहेत, हे ध्यानी येत नाही.

हा दुवा जुळविण्याची साधने उपलब्ध आहेत. श्राद्धात आईचे वडील, आजोबा व पणजोबा यांचाही उच्चार होतो. त्यासाठी घरी लिहून ठेवलेली नामावळी मातृकुळाचा पत्ता देते. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरू कुटुंबांच्या नोंदी असतात. जुनी खतपत्रे मोडीत असल्यास जाणकाराचे साहाय्य घ्यावे.

कागद उद्याही पाहता येतील. आजीचे माहेरचे नाव मात्र आजच विचारून ठेवावे.