सह्याद्रीतील भटकंती आणि तिचे सोबती : १९४८ ते २०२५ या काळाचा मागोवा

सह्याद्रीत पायी हिंडण्याची परंपरा जुनी आहे. गुराखी, धनगर, घाटमाथ्यावरून कोकणात माल उतरवणारे बैलांचे तांडे आणि डोंगरावरच्या देवतांच्या दर्शनाला निघालेले यात्रेकरू शतकानुशतके या वाटा तुडवत आले असून, नाणेघाटासारख्या घाटवाटेवरील, म्हणजे घाटमाथा आणि कोकण यांना जोडणाऱ्या डोंगरी मार्गावरील, सातवाहनकालीन शिलालेख त्या वर्दळीची साक्ष देतो. मात्र कोणतेही काम नसताना, निव्वळ हौसेने, सुट्टीच्या दिवशी पाठीवर पिशवी टाकून गडावर जाण्याचा जो व्यवहार आज सरसकट ‘ट्रेक’ या नावाने ओळखला जातो, तो सर्वसामान्य मराठी माणसाच्या आयुष्यात रुजला तो प्रामुख्याने स्वातंत्र्योत्तर काळात. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. या दोन घटनांमधील सुमारे पाऊणशे वर्षांत डोंगरात कोण कोणाच्या सोबतीने गेले, ती सोबत कशी बदलली आणि त्या बदलाचा भार पायथ्याच्या गावांवर व रानावर कसा पडला, याचा येथे मागोवा घ्यावयाचा आहे.

या काळापूर्वी गडावर जाणे हे मुख्यतः इतिहासाचे काम मानले जात होते. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने १८९६ मध्ये रायगडावर शिवोत्सव झाला, तर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चिं. गं. गोगटे यांच्या ‘महाराष्ट्र देशांतील किल्ले’ या ग्रंथाने गडांची माहिती मराठीत एकत्र आणली. परंतु तेथे प्रत्यक्ष पोहोचणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. ती अडचण दूर केली एसटीने आणि मुंबईकरांसाठी कर्जत व कसाऱ्यापर्यंत जाणाऱ्या लोकलने. विशेषतः ‘मुक्कामी गाडी’, म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावी पोहोचून रात्री तेथेच थांबणारी आणि पहाटे परत फिरणारी एसटी, ही या भटकंतीची खरी वाहक ठरली, कारण तिच्या वेळापत्रकामुळे शहरातील माणसाला गावात रात्र काढावी लागे आणि गावाशी ओळख झाल्यावाचून गडाची वाट सापडत नसे.

पहिल्या टप्प्यातील भटके संख्येने थोडे होते आणि त्यांची सोबतही मोजकीच असे. गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) यांनी गडकोटांवर वर्षानुवर्षे पायपीट करून ‘दुर्गदर्शन’ आणि ‘दुर्गभ्रमणगाथा’ यांसारख्या पुस्तकांतून मध्यमवर्गीय वाचकाला डोंगराची गोडी लावली, आणि ‘माचीवरला बुधा’ या कादंबरीत मुंबई सोडून राजमाचीच्या परिसरात एकट्याने राहायला गेलेल्या वृद्धाची कथा सांगताना झाडे, पाखरे आणि जनावरे हीच त्याची सोबत ठरवली. (माची म्हणजे गडाच्या मुख्य माथ्याखाली पसरलेली, बहुधा तटबंदीने राखलेली सपाटी, तर माथ्यावरचा सर्वांत उंच व बंदिस्त भाग हा बालेकिल्ला.) या काळात नकाशे दुर्मिळ होते आणि दिशादर्शक फलक नव्हते, त्यामुळे वाटाड्या, म्हणजे वाट दाखवणारा स्थानिक माणूस, हाच प्रवासाचा आधार असे. तो बहुधा महादेव कोळी, ठाकर, कातकरी किंवा धनगर समाजातील असून, वाटेबरोबरच पाण्याची टाकी, म्हणजे कातळात खोदलेले हौद, कोणत्या महिन्यात आटतात आणि कोणत्या नाळेतून, म्हणजे दोन कड्यांमधील अरुंद व तीव्र उताराच्या घळीतून, पावसात उतरू नये, हे ज्ञानही त्याच्याकडेच असे. शहरी माणूस तेथे पाहुणा होता आणि पाहुण्याला यजमानाचे ऐकावे लागते, हा त्या संबंधाचा अलिखित नियम होता.

दुसरा टप्पा मित्रमंडळींचा आणि संस्थांचा. १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट आणि १९६५ मध्ये उत्तरकाशीला नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग सुरू झाल्यावर तेथील अभ्यासक्रम करून आलेल्या तरुणांनी दोराचे तंत्र सह्याद्रीत आणले, आणि प्रस्तरारोहणाला, म्हणजे दोर, खिळे व सुरक्षासाधने वापरून उभा कातळ चढण्याच्या कलेला, लिंगाणा, जीवधनजवळचा वानरलिंगी सुळका आणि तैलबैलाच्या भिंती यांच्या रूपाने नैसर्गिक आखाडा मिळाला. हरीश कापडिया यांचे ‘ट्रेक द सह्याद्रीज’ हे १९७७ मधील इंग्रजी पुस्तक, आनंद पाळंदे यांचे ‘डोंगरयात्रा’ आणि प्र. के. घाणेकर यांची किल्ल्यांवरील पुस्तके यांमुळे वाटांची माहिती वाटाड्याच्या स्मरणातून छापील पानावर आली. पुण्यात १९८२ मध्ये ‘गिरिप्रेमी’ ही संस्था स्थापन झाली. मुंबई, ठाणे, नाशिक, कोल्हापूर आणि सातारा येथेही अशीच मंडळे उभी राहिली आणि कॉलेजातील मैत्री, कचेरीतील ओळख किंवा चाळीतील शेजार यांतून जमलेले गट शनिवारी रात्री निघून रविवारी परतू लागले.

या गटांचे अर्थशास्त्र साधे होते. खर्च ‘तुझे तू, माझे मी’ या तत्त्वावर वाटला जाई, शिधा सामायिक असे, गुहेत किंवा देवळात मुक्काम पडे आणि तीन दगडांच्या चुलीवर खिचडी शिजे. कॅनव्हासच्या पिशव्या आणि ‘हंटर’ बूट ही तेव्हाची सामग्री होती. त्यातून घडलेली शिस्त मात्र तकलादू नव्हती. सर्वांत मंद चालणाऱ्याच्या वेगाने गट चालेल, शेवटी अनुभवी माणूस राहील आणि अंधार पडण्यापूर्वी पाणी गाठले जाईल, हे नियम प्रशिक्षणाने जितके रुजवले तितकेच मैत्रीने पाळले. घराबाहेर रात्र काढण्याची मुभा मुलींना सहजासहजी मिळत नसे. अशा वेळी ओळखीच्या गटाचा किंवा नोंदणीकृत संस्थेचा भरवसा दाखवून अनेकींनी ती मिळवली, हेही या टप्प्याचे महत्त्वाचे फलित होय. येथे तयार झालेल्या पायांनी पुढे हिमालय गाठला. १९९८ मध्ये पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले, २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालील गिरिप्रेमीच्या मोहिमेतील आठ जणांनी एव्हरेस्टचे आणि २०१९ मध्ये दहा जणांनी कांचनजुंगाचे शिखर गाठले.

तिसरा टप्पा कुटुंबाचा असून त्याची सुरुवात साधारणपणे १९९०च्या दशकात दिसते. पहिल्या दोन टप्प्यांतील भटके आता आईवडील झाले होते आणि मुलांना सुट्टीत डोंगर दाखवणे हा त्यांना संगोपनाचाच भाग वाटू लागला होता. १९९६ मध्ये रायगडावर रज्जुमार्ग सुरू झाल्याने आजी-आजोबांनाही गड पाहता येऊ लागला, २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाने लोणावळ्याचा परिसर दोन्ही महानगरांच्या अंगणात आणला, आणि खासगी मोटारीमुळे मुक्कामी गाडीची गरज संपली. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाई या राज्यातील सर्वोच्च शिखरावर कठीण टप्प्यांत लोखंडी शिड्या असल्याने तेथे दहा वर्षांची मुले आणि नवरात्रात दर्शनाला येणाऱ्या वयस्क स्त्रिया एकाच रांगेत चढताना आढळतात. पायथ्याच्या घरांना या गर्दीतून जेवणावळी, तंबू आणि वाहनतळ यांचे उत्पन्न मिळू लागले, ज्यामुळे काही गावांतील स्थलांतराला थोडा आळा बसला. मात्र त्याच वेळी यजमान आणि पाहुणा हे नाते विक्रेता आणि ग्राहक या नात्यात बदलले, आणि पाहुणा जे निमूटपणे ऐकत असे ते ग्राहक ऐकेनासा झाला.

या साऱ्या काळात माणसांच्या बरोबरीने डोंगरात वावरलेला सोबती म्हणजे कुत्रा, आणि वर सांगितलेले स्थित्यंतर त्याच्या बाबतीत अधिक ठळकपणे दिसते. मराठी लोकजीवनात डोंगर आणि कुत्रा यांचा संबंध जुना आहे. जेजुरीच्या खंडोबाच्या प्रतिमांत घोड्याबरोबर कुत्राही असतो. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे छत्रपती शाहू महाराजांच्या ‘खंड्या’ या कुत्र्याची समाधी दाखवली जाते आणि त्याने वाघापासून धन्याचे प्राण वाचवल्याची कथा तेथे सांगितली जाते. शिवाजी महाराजांचा कुत्रा मानल्या जाणाऱ्या ‘वाघ्या’च्या रायगडावरील पुतळ्यामागील कथेला मात्र समकालीन कागदपत्रांचा आधार नाही. विसाव्या शतकात उभारलेला हा पुतळा २०१२ मध्ये काही कार्यकर्त्यांनी हटवला, तो प्रशासनाने पुन्हा बसवला आणि त्यावरील वाद अद्याप शमलेला नाही. कथेच्या खरेपणाचा प्रश्न इतिहासकारांचा आहे. परंतु गडावर राजाच्या शेजारी कुत्रा असावा असे समाजाला वाटणे आणि त्याला तितकाच तीव्र विरोध होणे, या दोन्ही गोष्टी या प्राण्याच्या सामाजिक स्थानाविषयी बरेच काही सांगून जातात.

रोजच्या भटकंतीतला कुत्रा मात्र दंतकथेतला नसून पायथ्याच्या वाडीतला होता आणि आहे. राजगड, हरिश्चंद्रगड किंवा कळसूबाईच्या वाटेवर गावातील एखादा कुत्रा अनोळखी गटाच्या पुढे चालू लागतो, वळणावर थांबून मागच्यांची वाट पाहतो, शिदोरीतील भाकरीचा वाटेकरी होतो आणि रात्री मुक्कामाच्या गुहेच्या तोंडाशी बसतो, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की डोंगरभटकंतीच्या अनेक मराठी वर्णनांत त्याला जागा मिळाली आहे. यामागे गूढ काही नाही. सुमारे पंधरा-वीस किलो वजनाचा हा काटक गावठी कुत्रा अन्नासाठी माणसांचा माग धरतो, गुराख्यांबरोबर रोज चरणीवर जाऊन त्याला वाटा पाठ झालेल्या असतात आणि एका गटाबरोबर चढून दुसऱ्याबरोबर उतरणे हा त्याच्या दिनक्रमाचा भाग होऊन बसतो. धनगरवाड्यांवरील कुत्र्यांकडे शेळ्यामेंढ्या राखण्याचे काम असते आणि ती नवख्या माणसाला वाड्याजवळ फिरकू देत नाहीत. हिमालयात हेच काम भोटिया आणि गद्दी जातीचे धिप्पाड कुत्रे करतात, व बिबट्या मानेला धरतो म्हणून त्यांच्या गळ्यात काटेरी लोखंडी पट्टा बांधलेला असतो.

एकविसाव्या शतकात यात शहरी पाळीव कुत्र्यांची भर पडली. लॅब्राडोर, बीगल किंवा गोल्डन रिट्रीव्हर जातीचा कुत्रा घरच्या मोटारीतून पायथ्याशी येतो आणि कुटुंबातील मूल समजून त्याला गडावर नेले जाते. त्यामागचे प्रेम खरे असले तरी सह्याद्री त्याच्या शरीराला सोयीचा नाही. कुत्र्याला माणसाप्रमाणे अंगभर घाम येत नाही, तो प्रामुख्याने धापा टाकून शरीर थंड ठेवतो, त्यामुळे फेब्रुवारीनंतर तापलेल्या कातळावर दाट केसांच्या जातींना उष्माघात होण्याचा आणि पंजे पोळण्याचा धोका मोठा असतो. पावसाळ्यात गोचिडांचा उपद्रव असतो, आणि शिड्या किंवा कातळात खोदलेल्या खड्या पायऱ्या चढलेला कुत्रा उतरताना अडून बसला तर त्याला झोळीतून उतरवावे लागते. सकाळी लवकर निघणे, त्याच्यासाठी वेगळे पाणी वाहणे, शिड्यांच्या वाटा टाळणे आणि गावात शिरताना साखळी बांधणे, या जाणत्या लोकांच्या चार गोष्टींतच बहुतेक अडचणींचे उत्तर आहे.

रानाच्या दृष्टीने प्रश्न याहून गंभीर आहे. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड ज्या अकोले तालुक्यात येतात, तेथील गावे व शेते यांनी व्यापलेल्या भागात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. तेव्हा बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा आढळला. म्हणजे वाटेवर सोबत करणारा प्राणी हाच बिबट्याला माणसाच्या जवळ आणणारे भक्ष्यही ठरतो. दुसरीकडे, मोकाट कुत्री भेकर, ससे आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी यांचा पाठलाग करतात, तसेच रेबीज व डिस्टेंपर हे रोग लांडगे आणि खोकडांपर्यंत पोहोचवू शकतात. हरिश्चंद्रगड–कळसूबाईचा परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे. त्यामुळे तेथे उरलेले अन्न टाकणे, वाडीतील कुत्र्याला मुक्कामापर्यंत ओढून नेणे आणि लस न टोचलेला पाळीव कुत्रा मोकळा सोडणे, या तिन्ही गोष्टी हौसेच्या नव्हे तर जबाबदारीच्या कक्षेत येतात.

सोबतीची व्याख्या सैल झाल्याचा सर्वांत कठोर परिणाम अपघातांत दिसला. जुन्या गटांत एकमेकांच्या पायांची ताकद ठाऊक असे, तर समाजमाध्यमांवरील जाहिरात वाचून एका बसमध्ये जमलेल्या पन्नास अनोळखी माणसांत ती ठाऊक असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कुटुंबासमवेत पावसाळी सहलीला आलेल्यांना डोंगरातील पाण्याचा लोंढा किती अचानक वाढतो याची कल्पना नसते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ती दुर्घटना याच अज्ञानाकडे बोट दाखवते. अशा वेळी धावून जाण्याचे काम लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या स्वयंसेवी पथकांनी वर्षानुवर्षे विनामूल्य केले आहे, आणि त्यांचे सदस्य बहुतांशी दुसऱ्या टप्प्यातील संस्थात्मक शिस्तीत घडलेले किंवा पायथ्याच्या गावांतलेच आहेत. शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर करून आयोजकांच्या नोंदणीची आणि सुरक्षानियमांची चौकट घातली. तिची अंमलबजावणी हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय असला तरी, मित्रांच्या गटात जी काळजी आपसूक घेतली जाई तिच्यासाठी आता लेखी नियम करावे लागले, ही बाब मात्र त्यातून स्पष्ट होते.

युनेस्कोच्या यादीत साल्हेर, राजगड, रायगड, प्रतापगड, शिवनेरी आणि लोहगड यांसारखे गिरिदुर्ग आल्याने पुढील काळात गर्दी वाढेल हे उघड आहे, आणि ती थोपवण्याची अपेक्षा करणे वास्तवाला धरून होणार नाही. पाऊणशे वर्षांच्या या प्रवासाची जमेची बाजू निःसंशय मोठी आहे, कारण मूठभर अभ्यासकांपुरता असलेला डोंगर विद्यार्थी, स्त्रिया, मुले आणि वृद्ध अशा सर्वांचा झाला. खर्चाच्या बाजूला मात्र वाटाड्याचे घटलेले स्थान आहे. वाट मोबाईलवर दिसू लागल्यापासून त्याची गरज उरली नाही असे मानले गेले. वास्तविक पाण्याचा, पावसाचा, रानाचा आणि गावच्या कुत्र्यांचाही स्वभाव त्याच्याकडूनच कळत होता, आणि मोबाईल त्यांपैकी काहीही सांगत नाही. म्हणून प्रत्येक गटाने, मग तो मित्रांचा असो वा कुटुंबाचा, आणि त्यात कुत्रा असो वा नसो, पायथ्याच्या गावातील एक माणूस योग्य मोबदला देऊन बरोबर घ्यावा, ही जुनी रीत नव्याने सुरू करणे हाच या मागोव्यातून निघणारा सर्वांत व्यवहार्य निष्कर्ष होय.