आधी थांबायची सोय, मग पळायची!

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची काळी-पिवळी ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसला तिचे फोटो होते. आमची पद्मिनी मात्र सांगलीत, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. आजोबांची, १९८६ ची. ते गेल्यापासून अकरा वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता. गेल्या उन्हाळ्यात बाबांनी फर्मान काढलं, “दिवाळीपर्यंत चालू झाली तर ठेवू. नाहीतर भंगारवाल्याला फोन करतो.” आजी काहीच बोलली नाही. तेच जास्त लागलं.

मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला. फॉर्म्युले पाठ, पण बॉनेट कधी उघडलेलं नाही! नवी बॅटरी जोडून चावी फिरवणार, तोच गल्लीतले मिस्त्रीकाका ओरडले, “थांब! आत रिंगा चिकटल्या असतील तर इंजिन खराब करून बसशील. आणि चालू झालीच, तर थांबवणार कशी?”

म्हणून सुरुवात ब्रेकपासून. मागची चाकं जाम होती. ड्रम उघडले तर व्हील सिलिंडरमधली रबरं कडक होऊन तडकलेली. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि मग आतून गंज धरतो, हे तेव्हा कळलं. चारही चाकांचे रबर किट बदलले. टायरची नक्षी शाबूत होती, पण बाजूवर आकडा होता ३८०९. म्हणजे २००९ सालचा ३८ वा आठवडा. टायरही गेले.

मग इंजिन. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं. नंतर टॉप गिअर टाकून गाडी हळूहळू ढकलली. इंजिन मोकळं फिरलं! ऑइल आणि पेट्रोलचे रबरी पाइप बदलले, कार्बोरेटर साफ केला, पॉइंट घासले. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, त्याला वॉर्निशसारखा वास येत होता. ताजं पाच लिटर भरलं. तिसऱ्या स्टार्टरला गाडी धडधडली आणि आजी पदराला हात पुसत बाहेर आली.

आरटीओत रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण, इन्शुरन्स, पीयूसी असं सगळं झाल्यावर पहिली फेरी मिरजेकडे. विश्रामबागच्या पुढे गाडी फुस्स! अर्ध्या तासानं काहीच न झाल्यासारखी चालू. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग काय, सल्ले सुरू. कुणी म्हणे कॉइल तापते, कुणी म्हणे पंप गेलाय. मी पॉकेटमनी घालून नवी कॉइल बसवली. तरी विश्रामबागला फुस्स!

काका म्हणाले, “पार्ट बदलू नकोस. गाडीला प्रश्न विचार. एका वेळी एकच.”

पहिला प्रश्न : बंद पडल्या क्षणी स्पार्क आहे का? प्लग काढून बघितलं. आहे, चांगला निळा. म्हणजे कॉइलचे पैसे वाया. दुसरा : कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आहे का? झाकण उघडलं, तर आत कोरडं! तिसरा : दोष पंपाचा की त्याच्या मागचा? शेडबाहेर मोकळ्यावर, अग्निशामक शेजारी ठेवून काकांनी पंपाचा पाइप टाकीऐवजी कॅनला जोडला. रेस देऊन ठेवली, तर टाकीवर गाडी पंधरा मिनिटांत बंद आणि कॅनवर अर्धा तास मस्त चालू. म्हणजे पंप ठीक, घोटाळा टाकीकडे.

टाकी उतरवून हलवली तर आत खुळखुळा! गंजाचे पापुद्रे. गाडी चालली की ते ओढले जाऊन पाइपचं तोंड बंद करायचे, थांबली की सुटून तळाला बसायचे. म्हणून अर्धा तास ‘विश्रांती’ घेतली की सगळं सुरळीत. पेट्रोल काढताना मी टाकीत टॉर्च मारून बघितलं असतं, तर एवढा महिना गेला नसता.

तुमच्याही घरी आजोबांची स्कूटर, काकांची जीप अशीच उभी असेल. रील बघून स्टार्टर मारायची घाई करू नका. ब्रेक, टायर, टाकी आधी. आणि बंद पडली तर दुकानात पळण्याआधी दोन प्रश्न विचारा : स्पार्क आहे का? पेट्रोल पोचतंय का?

टाकी साफ झाली, पाइपला फिल्टर लागला. पाडव्याच्या सकाळी बाबांनी विचारलं, “चावी कुठंय रे?” आजी पुढे त्यांच्या शेजारी बसली, मी मागे. विश्रामबाग आलं. मी श्वास रोखून धरला. विश्रामबाग गेलं. मिरज येईपर्यंत कुणीच काही बोललं नाही.

भंगारवाल्याचा विषय परत निघाला नाही.